वल्हे, वीट आणि विहीर

कुळगावच्या वाचकाने ऑलिम्पिकमधल्या रोइंगपटूंविषयीचे पुस्तक का वाचावे, याचे उत्तर प्रस्तावना लिहिणाऱ्याने आधी दिलेले बरे. आपल्याकडे नाव दिसते ती पुरात. २६ जुलै २००५ ला दिसली. मग २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करायला रबरी बोटी आणाव्या लागल्या, तेव्हा पुन्हा दिसली. पाणी ओसरले की बोटी ट्रकवर चढून निघून जातात. नदी मात्र इथेच असते. राजमाचीच्या डोंगरांतून उतरून, कर्जत-नेरळ मागे टाकून उल्हास आपल्याकडे येते, आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिला भर वैशाखातही आटू देत नाही. तिच्यावरच्या बॅरेजमागचे पाणी आपण पितो, त्याच्या पुलावर उभे राहून फोटो काढतो, गणपती विसर्जनाला नदीवर जातो. वल्हे मारून त्या पाण्यावर शर्यत करायची असते, असे मात्र आपल्या मनात कधी येत नाही.

महाराष्ट्रातला जो मुलगा ऑलिम्पिकच्या नावेत एकटा जाऊन बसला, त्याच्या गावात तर नदीचे एवढेही कौतुक नव्हते. तळेगाव रोही हे चांदवड तालुक्यातले गाव. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्यांना चांदवड आठवते ते रेणुकादेवीच्या मंदिरासाठी आणि अहिल्याबाईंच्या रंगमहालासाठी. तिथल्या शेतकऱ्याला विचारले तर तो पावसाबद्दल बोलेल आणि विहिरीबद्दल. दत्तू बबन भोकनळ याचा जन्म तिथला, ५ एप्रिल १९९१ चा. वडील विहिरी खोदायचे. पाणी ज्या तालुक्यात जमिनीखाली पळून गेलेले असते तिथे विहीर खोदणे हा बारमाही धंदा असतो आणि त्यातले कष्ट ज्याने पाहिले आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाहीत. वरचा मुरूम लवकर निघतो. मग काळा पाषाण लागतो. सुरुंग, पहार, घण, आणि खालून वर येणारी दगडांची एकेक पाटी. दत्तू शाळकरी वयातच वडिलांबरोबर या कामाला लागला. पुढे पेट्रोल पंपावर राबला, मिळेल ती मजुरी केली. २०११ च्या सुमारास वडील हाडांच्या कर्करोगाने गेले आणि घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. खेळण्यासाठी नव्हे, पगारासाठी.

या पुस्तकात दोन माणसे भेटतात. एक हा दत्तू, आणि दुसरा त्याच्या शंभर वर्षे आधीचा फिलाडेल्फियाचा जॉन केली. एक विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा, दुसरा गवंडी. दोघेही एकट्याने दोन वल्ही चालवण्याच्या शर्यतीतले, म्हणजे सिंगल स्कल्समधले. केलीच्या नावावर ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके आणि पुढे विटांच्या कामातून उभी राहिलेली मोठी कंपनी. दत्तूच्या नावावर तेरावा क्रमांक आणि सैन्यातली नोकरी. या दोघांना शेजारी बसवण्यात चरित्रकाराचा हेतू तुलना करण्याचा नाही, आणि वाचकानेही ती करू नये. हेतू एवढाच की खेळ संपल्यावर खेळाडूचे काय होते हा प्रश्न आपण नेहमी खेळाडूच्या स्वभावावर सोपवतो. जिद्दी होता म्हणून पुढे गेला, हिशेबी नव्हता म्हणून मागे पडला. माझे मत वेगळे आहे. खेळाडूच्या दुसऱ्या आयुष्याचा बराचसा निकाल तो नावेत बसतो त्याच दिवशी लागलेला असतो. त्याला नावेत कोणी बसवले आणि कशासाठी, यावर.

दत्तूला बसवले सैन्याने. पुण्याजवळच्या खडकीतले बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र, ज्याला सगळे बॉम्बे सॅपर्स म्हणतात, तिथे तो जवान म्हणून दाखल झाला. इंजिनिअर रेजिमेंटचा जवान पूल बांधतो, सुरुंग काढतो, त्यामुळे पाण्याशी त्याचा संबंध येतोच. सहा फुटांहून उंच, लांब हातांचा हा पोरगा कुद्रत अली या प्रशिक्षकांच्या नजरेत भरला. दत्तूला पाण्याची भीती वाटे, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे. विहिरीच्या तळाशी उतरणाऱ्याला पाण्याची भीती वाटावी यात विरोधाभास शोधू नये. विहीर खोदणारा पाणी लागले की बाहेर पडतो, त्यात उतरत नाही. पुढे दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमधल्या आर्मी रोइंग नोडमध्ये, मुळा नदीच्या काठी, त्याचे खरे शिक्षण झाले.

इथे थोडे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भारताचे रोइंगपटू कुठून येतात याची यादी केली तर नकाशा उलटा वाटतो. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताला या खेळातले पहिले सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचा, राजपुताना रायफल्सचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अरविंद सिंगबरोबर अकरावा आलेला अर्जुनलाल जाटही राजस्थानचाच. इतकेच काय, हा खेळ आशियाई स्पर्धांत पहिल्यांदा आला तो १९८२ साली, आणि त्याच्या शर्यती झाल्या जयपूरजवळच्या रामगढ तलावात. ज्या प्रदेशात पाणी कमी तिथले वल्हेकरी जास्त. कारण सरळ आहे. उंच, काटक, शेतीत राबलेली मुले सैन्यात भरती होतात, आणि नावा, प्रशिक्षक, खुराक, पगार हे सगळे एकत्र फक्त सैन्याकडे असते. शर्यतीची एक चांगली नाव काही लाखांना येते आणि बहुधा परदेशातून आणावी लागते. कुठल्या शेतकऱ्याच्या मुलाने ती स्वतः घ्यायची?

खेळ कसा असतो हे थोडक्यात सांगतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. एकट्याची नाव साधारण आठ मीटर लांब असते आणि नियमाप्रमाणे तिचे वजन किमान चौदा किलो लागते. म्हणजे पाठीवरच्या भरलेल्या दप्तरापेक्षा फार जड नाही, आणि रुंदी इतकी कमी की वल्ही हातातून सुटली तर ती लगेच उलटते. खेळाडू जाण्याच्या दिशेला पाठ करून बसतो. बैठक चाकांवर सरकते, पाय पुढे पक्के बांधलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते की सगळे काम हातांचे. खरा जोर पायांचा असतो. गुडघे दुमडून पुढे यायचे, वल्ह्याची पाती पाण्यात टाकायची, पायांनी रेटा द्यायचा, मग पाठ, आणि सर्वांत शेवटी हात. मिनिटाला तीसहून अधिक वेळा हे सगळे. अंतर दोन हजार मीटर, वेळ सुमारे सात मिनिटे. पहिल्या दीड मिनिटात मांड्या पेटतात, आणि उरलेली शर्यत त्या पेटलेल्या मांड्यांनीच पुरी करायची असते. मध्ये थांबता येत नाही, पाणी पिता येत नाही, जोडीदाराकडे पाहता येत नाही, कारण जोडीदार नसतोच.

दत्तूने हे अवघ्या तीन-चार वर्षांत आत्मसात केले. २०१५ च्या बीजिंगमधल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्य मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे आशिया-ओशनियाची ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा झाली. तिथे तो दुसरा आला आणि रिओचे तिकीट मिळाले. त्याच काळात त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून अत्यवस्थ होती, आणि मुलगा ऑलिम्पिकला निघाला आहे हे समजण्याच्या स्थितीत नव्हती. वृत्तपत्रांनी तेव्हा या गोष्टीवर रकाने भरले. चरित्रकाराने ती एका परिच्छेदात उरकली आहे, आणि मला तो संयम आवडला.

रिओची शर्यत शहराच्या मधोमध असलेल्या लागोआ या खाऱ्या तळ्यात होती. भारताचा तो एकटाच रोइंगपटू होता. ६ ऑगस्टच्या पहिल्या फेरीत तो तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे सगळ्या शर्यती रद्द झाल्या. उपांत्यपूर्व फेरीत पहिले तीन पुढे जायचे होते, दत्तू चौथा आला. वेळ होती ६ मिनिटे ५९.८९ सेकंद. पदकाची शक्यता तिथे संपली. पण या खेळात शर्यती संपत नाहीत. मागे राहिलेल्यांनाही क्रमांकासाठी लढावे लागते, आणि टीव्हीचे कॅमेरे निघून गेल्यावर लढलेल्या या शर्यती मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. १३ ऑगस्टला दत्तूने ‘क’ गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावा आला. त्याच दिवशी सुवर्णपदकाच्या शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन दोघेही ६ मिनिटे ४१.३४ सेकंदांत पोचले आणि छायाचित्र पाहून ड्रायस्डेलला विजयी ठरवावे लागले. त्यांच्यात आणि दत्तूत अंतर १३.६२ सेकंदांचे. शर्यती वेगळ्या होत्या, वारा-पाणी मिनिटामिनिटाला बदलते, तरी ढोबळ हिशेबाने हे अंतर सात-आठ नावांच्या लांबीइतके भरते. ड्रायस्डेल पंधरा-वीस वर्षे याच कामात मुरलेला होता. दत्तूने वल्हे हातात धरून चार वर्षेही झाली नव्हती.

२०१८ ची आशियाई स्पर्धा हा या पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग आहे. पालेमबांगच्या तळ्यात आजारी दत्तू वैयक्तिक शर्यतीत शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसून त्याने ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. आदल्या दिवसाच्या त्या शर्यतीवरून पुढे वाद झाला. राष्ट्रीय महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि जानेवारी २०२० मध्ये ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियोच्या नावेत मात्र तो नव्हता. एकाच खेळाडूच्या आयुष्यात बंदी आणि अर्जुन पुरस्कार एकाच वर्षात एकमेकांना ओलांडून जातात, यावर चरित्रकाराने काही भाष्य केलेले नाही. मीही करत नाही.

आता केली. १८८९ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका आयरिश स्थलांतरित कुटुंबात तो जन्मला. दहा भावंडांचे घर. लहानपणी कारखान्यात, मग विटा रचण्याच्या कामावर उमेदवारी. शहरातून शुइलकिल नदी वाहते आणि तिच्या काठी बोट क्लबांची रांग आहे. तिथे हा गवंडी संध्याकाळी वल्हे मारायला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धानंतर तो अमेरिकेतला अव्वल रोइंगपटू होता. १९२० मध्ये त्याने इंग्लंडमधल्या हेन्ली रेगाटाच्या डायमंड स्कल्स या शर्यतीसाठी नाव पाठवले. ते नाकारण्यात आले. एक कारण त्याच्या क्लबवर पूर्वीपासून असलेल्या बंदीचे होते. दुसरे कारण हेन्लीच्या नियमपुस्तकातले होते: कारागीर, मजूर, हाताने काम करून पोट भरणारा माणूस हौशी खेळाडू असू शकत नाही.

हा नियम आज वाचताना हसू येते, पण त्यामागे एक युक्तिवाद होता आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. हाताने राबणाऱ्याचे स्नायू कामामुळे तयार होतात, म्हणून कचेरीत बसणाऱ्या सद्गृहस्थावर त्याला गैरफायदा मिळतो, असा तो युक्तिवाद. म्हणजे अंगमेहनत ही एक प्रकारची लबाडी. गंमत अशी की हा खेळ जन्मला तोच मजुरांच्या हातून. लंडनच्या टेम्स नदीवर प्रवासी नेणाऱ्या नावाड्यांची डॉगेट्स कोट अँड बॅज ही शर्यत १७१५ पासून चालू आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलांनी एकमेकांशी शर्यत लावली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८२९ मध्ये. नावाड्यांकडून खेळ घ्यायचा आणि मग नावाड्यांनाच बाहेर ठेवायचे, हा व्यवहार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

१९२० ची डायमंड स्कल्स जिंकली जॅक बेरेसफर्डने. त्याच्या वडिलांचा लंडनमध्ये फर्निचर बनवण्याचा व्यवसाय होता आणि जॅक त्याच व्यवसायात होता. लाकूड त्याच्याही घरात होते, पण रंधा मारणारा नोकर वेगळा आणि कारखान्याचा मालक वेगळा. मालकाच्या मुलाला हेन्लीचे दार उघडे, गवंड्याला बंद. त्याच वर्षी बेल्जियममध्ये ऑलिम्पिक झाले, रोइंगच्या शर्यती ब्रुसेल्सजवळच्या कालव्यात झाल्या, आणि अंतिम शर्यतीत हे दोघे समोरासमोर आले. केली एका सेकंदाने जिंकला. अर्ध्या तासाने तो चुलत भाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर दोघांच्या नावेत बसला आणि तेही सुवर्ण घेऊन आला. १९२४ च्या पॅरिसमध्ये या जोडीने ते राखले. बेरेसफर्डही सामान्य नव्हता. १९२० ते १९३६ अशा पाच ऑलिम्पिकमध्ये त्याने पाच पदके मिळवली. हेन्लीचा तो नियम १९३७ मध्ये बदलला. केलीचा मुलगा जॅक याने १९४७ आणि १९४९ मध्ये तीच डायमंड स्कल्स जिंकली. मुलगी ग्रेस हिच्याबद्दल मराठी वाचकाला सांगायला नको. ती हॉलिवूडची नटी झाली आणि मग मोनॅकोची प्रिन्सेस.

केलीच्या धंद्याकडे चरित्रकाराने बराच वेळ दिला आहे आणि कुळगावच्या वाचकाने हाच भाग सावकाश वाचावा. भावांकडून उसने भांडवल घेऊन त्याने विटांच्या बांधकामाची ठेकेदारी सुरू केली. एक भाऊ नाटककार होता, दुसरा रंगमंचावरचा विनोदी नट. ‘केली फॉर ब्रिकवर्क’ हे त्याच्या कंपनीचे घोषवाक्य. शहर वाढत होते, गिरण्या, शाळा, रुग्णालये उभी राहत होती, आणि विटा रचणारा पोरगा काही वर्षांत लक्षाधीश झाला. १९३५ मध्ये महापौरपदासाठी उभा राहिला आणि थोडक्यात हरला.

आता आपल्या भागाकडे पाहू. उल्हास आणि बारवीच्या खोऱ्यात, बदलापूर, वांगणी, मुरबाडच्या पट्ट्यात दिवाळी सरली की वीटभट्ट्या पेटतात. कातकरी कुटुंबे आधी घेतलेल्या उचलीच्या बदल्यात पावसाळ्यापर्यंत भट्टीवर राहतात, गारा मळतात, वीट थापतात. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती वाढताहेत. १९९२ मध्ये नगरपरिषद झाली तेव्हाचे कुळगाव आणि आजचे कुळगाव यांत तेव्हाच्या माणसाला ओळख पटणार नाही. १९२० च्या फिलाडेल्फियात जे होते ते जवळपास सगळे इथे आहे: वाढते शहर, वीट, गवंडी, ठेकेदार, नदी. पण वीट थापणाऱ्याच्या मुलाला भट्टी मिळत नाही आणि नदीत नावही मिळत नाही. केलीच्या गोष्टीत आपण ‘गरीब मुलगा श्रीमंत झाला’ एवढेच वाचले तर ती फुकट गेली. त्याच्याजवळ हातात कला होती, उसने देणारे भाऊ होते, आणि नदीकाठी एक क्लब होता, जिथे गवंडी आणि वकील एकाच तराफ्यावरून आपापल्या नावा पाण्यात सोडत. धंद्याला लागणाऱ्या ओळखी अशा ठिकाणी होतात.

पुढे अमेरिकेत रोइंग आणि धंदा यांचे नाते इतके घट्ट झाले की त्याची चेष्टाही होऊ लागली. हार्वर्डचे विंकलव्हॉस बंधू २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोघांच्या नावेत सहावे आले. जगाला ते माहीत आहेत फेसबुकविरुद्धच्या खटल्यामुळे आणि नंतरच्या बिटकॉइनच्या व्यवहारांमुळे. कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत तर आठ जणांच्या नावेचे चित्र हमखास पडद्यावर येते आणि एकजुटीवर व्याख्यान होते. मला या व्याख्यानांचा कंटाळा आहे. केली आणि दत्तू दोघेही मुख्यतः एकट्याच्या नावेतले. त्यांच्या शर्यतीतून एकजूट शिकायची तर कोणाशी? वल्हे मारल्याने माणूस चांगला व्यापारी होतो याला काही आधार नाही. केलीच्या बाबतीत धंद्याची कला वल्ह्याच्या आधीची होती. ऑलिम्पिकने त्याला नाव दिले, आणि ते नाव त्याने पाटीवर रंगवले, इतकेच.

आपल्याकडे खेळाडूच्या दुसऱ्या आयुष्याला एकच नाव आहे: नोकरी. १९५२ च्या हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य आणणारे खाशाबा जाधव, ज्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. दत्तूबरोबर रिओला गेलेली माणदेशची ललिता बाबर, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेली, पुढे उपजिल्हाधिकारी झाली. पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्य जिंकणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पण नोकरी हेच शेवटचे स्टेशन मानल्यामुळे त्यापुढचा विचार कोणी करत नाही. सैन्यातल्या जवानाचे तर आणखी अवघड. दत्तूच्या वेळी भरती झालेला जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो, म्हणजे पस्तिशी-चाळिशीत गणवेश उतरतो. मग बहुतेकांच्या वाट्याला एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावरची रखवाली येते. कुळगावात अशी माणसे रोज दिसतात. तेल कंपन्यांच्या पंपवाटपात माजी सैनिकांसाठी वेगळा वाटा असतो. दत्तूने ज्या कामात मजुरी केली तो धंदाच असा आहे की सैनिकाला कायद्याने त्यात मालक होता येते. पण अर्ज कसा करायचा, तारण काय द्यायचे, जागा कुठली बघायची, हे बराकीत कोणी शिकवत नाही. वल्हे शिकवणारा प्रशिक्षक मिळतो, ताळेबंद शिकवणारा मिळत नाही.

म्हणून दत्तूच्या गोष्टीत केलीसारखा शेवट शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. त्या गोष्टीत कंपनी नाही, कारखाना नाही. त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. केलीला नावेत बसवले त्याच्या हौसेने, कामाचे तास संपल्यावर. दत्तूला बसवले त्याच्या नोकरीने. त्यामुळे केलीने नाव सोडली तेव्हा त्याचा धंदा जागेवर होता. आपल्या खेळाडूने नाव सोडली तर उरते फक्त नोकरी, आणि तीही मुदतीची. चरित्रकाराने हे कुठेही असे रोखठोक लिहिलेले नाही. मी लिहितो, कारण प्रस्तावनाकाराला तेवढी मोकळीक असते.

पुस्तकात एक उणीव आहे तीही सांगून टाकतो. पुण्याच्या मुळा नदीवरचा रोइंगचा जुना संसार यात फार थोडा आला आहे. सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ शतकभर चालवलेला बोट क्लब आणि त्यांचा दरवर्षीचा रेगाटा, रॉयल कॅनॉट बोट क्लब, दापोडीचा सैन्याचा तळ, ही सगळी एकाच नदीच्या काठची, आणि महाराष्ट्रातल्या या खेळाचा इतिहास बराचसा तिथेच घडला. दुसऱ्या आवृत्तीत यावर एक प्रकरण हवे. आणि भारतीय रोइंगपटू ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा गेले ते २००० च्या सिडनीत, कासम खान आणि इंदरपाल सिंग, ही दोन नावे तळटीपेत नकोत, मजकुरात हवीत.

आता वाचकाशी एक कामाचे बोलणे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या खेळात मोठा बदल होत आहे. शर्यतीचे अंतर दोन हजारांऐवजी पंधराशे मीटर असेल, आणि समुद्रातल्या रोइंगचा ‘बीच स्प्रिंट’ हा प्रकार पहिल्यांदाच येतो आहे. वाळूवरून पळत जाऊन नाव गाठायची, लाटांतून बोयांना वळसा घालत वल्हवत जायचे, परत फिरून किनाऱ्याला लागायचे आणि पुन्हा पळायचे. संथ तळे लागत नाही, लाटेची समज लागते. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे आणि त्यावर कोळीवाडे आहेत, जिथली मुले चालायला लागतात तेव्हापासून होडीत असतात. हेन्लीच्या जुन्या नियमाने यांना पहिल्यांदा बाहेर काढले असते. आपल्याकडे त्यांना बाहेर ठेवणारा नियम नाही, फक्त कोणी बोलावलेले नाही. सैन्याने चांदवडमधून माणूस शोधला. राज्याच्या क्रीडा खात्याला वर्सोवा, अलिबाग, हर्णै, मालवण शोधायला फार लांब जावे लागणार नाही. आणि माणूस शोधाल तेव्हा नावेबरोबर त्याला हिशेबाची वहीही द्या, तिसाव्या वर्षी उपयोगी पडेल.

तोवर, ज्यांच्या घरात उंच, लांब हातांचे पोर आहे आणि पाण्याला भिते, त्यांनी हे पुस्तक आधी वाचावे आणि मग त्याला द्यावे. सिंगल स्कल्समध्ये भारताचा ऑलिम्पिकमधला आजवरचा सर्वोत्तम क्रमांक तेरावा आहे, आणि तो पाण्याला भिणाऱ्या मुलाचा आहे.